शहर आणि कॅम्प

अमरावतीच्या बसस्थानकावर आमच्या गावाची गाडी शोधणाऱ्याने अचलपूरच्या पाटीसाठी खोळंबून राहू नये. बहुतेक गाड्यांवर परतवाडा असेच लिहिलेले असते आणि पन्नासेक किलोमीटरच्या त्या प्रवासाचे तिकीटही परतवाड्याचेच निघते. नगरपालिका मात्र दोहोंची मिळून एक, आणि ती अचलपूरच्या नावाची. आमच्या बोलण्यात या दोन नावांपैकी कोणतेच फारसे येत नाही. आम्ही अचलपूरला ‘शहर’ म्हणतो आणि परतवाड्याला ‘कॅम्प’. परकोटाच्या आतल्या आमच्या घरातून पिशवी घेऊन निघताना आजी “कॅम्पातून येतो” एवढेच सांगायची.

शहराला नावांची कमतरता कधीच नव्हती. महानुभाव वाङ्मयात ते अळजपूर म्हणून येते. चक्रधरस्वामींचा वावर येथे होता आणि जवळचे अष्टमासिद्धी हे स्थान त्या पंथाला आजही पूज्य आहे. पुढे एलिचपूर हे नाव रूढ झाले. ते ईल नावाच्या राजावरून पडले असे लोक सांगतात. ती आख्यायिका मानावी, इतिहास नव्हे. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. बहमनी राज्य मोडकळीस आले तेव्हा 1490 मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता उभारली, आणि लहानपणी विजयनगरच्या मुलखातून कैद होऊन आलेल्या या माणसाच्या इमादशाहीची एलिचपूर ही राजधानी झाली. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. गावाबाहेर शेतांच्या मधोमध उभा असलेला हौज कटोरा हा आठकोनी, कमानींचा मनोरा त्या वैभवाची उरलेली खूण समजावी. त्याच्या भोवतीच्या तलावात पाणी कधी होते हे सांगणारा मला कोणी भेटला नाही; शाळेची सहल तेथे गेली तेव्हा आम्ही हौजाच्या तळातच बसून डबे खाल्ले होते.

आजच्या गावाचा स्वभाव ठरला तो मात्र 1803 मध्ये. त्या वर्षी 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजांनी गाविलगडचा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातला हक्क निजामाकडे गेला. पुढे निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या कंटिंजंट फौजेची छावणी शहरापासून थोड्या अंतरावर पडली. तोच आमचा कॅम्प. शहराच्या गल्ल्या पुरापुरांतून, म्हणजे जुन्या वस्त्यांमधून, वळणे घेत जातात, एखाद्या वळणावर जुन्या वाड्याची दगडी चौकट समोर येते आणि गल्ली तेथेच संपते. कॅम्पातला रस्ता सरळ जातो, कारण तो कवायतीच्या डोळ्याने आखलेला आहे. फौज गेली, बाजार राहिला.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर एलिचपूर जिल्ह्याचे ठिकाण झाले होते, परंतु 1905 मध्ये तो जिल्हा अमरावतीत विलीन करण्यात आला. राजधानी, मग जिल्हा, मग तालुका. जिल्ह्याची मागणी दर निवडणुकीत नव्याने निघते, आणि आमच्याकडचे म्हातारे ती ‘परत द्या’ या सुरात बोलतात. मला ही मागणी अयोग्य वाटत नाही. मेळघाटातल्या धारणीच्या पलीकडच्या कोरकू आदिवासी माणसाला एका दाखल्यासाठी अमरावती गाठावी लागते हे तिचे खरे कारण आहे, इमादशाहीचा अभिमान हे नव्हे.

गेल्या गोष्टींपैकी मला स्वतःला हळहळ वाटते ती एकीचीच, शकुंतला या रेल्वेगाडीची. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी मूर्तिजापूरपासून अचलपूरपर्यंत टाकलेला 76 किलोमीटरचा हा अरुंद लोहमार्ग स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. त्यावर 1994 पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. नंतर डिझेल आले, तरी गाडीची चाल बदलली नाही. फाटक आले की गाडी थांबायची, रेल्वेचा माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की ते उघडून पुन्हा डब्यात चढायचा. तेवढ्या वेळात आजोबा खाली उतरून विडी पेटवून घेत. आता कित्येक वर्षांत गाडी आलेली नाही. रुळांमध्ये तरोटा माजला आहे आणि फलाटावर शेळ्या बांधलेल्या असतात.

कॅम्पाला मात्र थांबणे ठाऊक नाही. मेळघाटातले सागवान, मोर्शी-चांदूरबाजार पट्ट्यातला संत्रा, चिखलदऱ्याला निघालेले पर्यटक, सेमाडोहकडे परतणाऱ्या कोरकू बाया, सारे याच चौकातून जाते. हंगामात संत्र्याच्या पेट्या ठोकण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. दिवाळीत मी रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरतो तेव्हा ऑटोवाला माझ्या बॅगेकडे पाहून “चिखलदरा काय?” असे विचारतो. शहरात जायचे आहे म्हटले की तो भाडे निम्म्यावर आणतो आणि घरचे नाव विचारून घेतो.