पानशेतच्या बोटीचा डॅशबोर्ड

नाना पेठेतल्या आमच्या दुकानात मुख्यतः मोटारींची सीट कव्हरे आणि रिक्षांचे हूड यांचीच कामे येतात. त्यामुळे एप्रिलमध्ये एक गृहस्थ स्पीडबोटीचा अख्खा डॅशबोर्ड सोडवून टेम्पोतून घेऊन आले, तेव्हा शेजारचे दुकानदारही पाहायला जमले. बोट पानशेतच्या जलाशयात पर्यटकांना फिरवत असे. डॅशबोर्डवरचे काळे रेक्झिन उन्हाने तडकून पापडासारखे झाले होते आणि मीटरांभोवतीच्या कडा सुटून वर आल्या होत्या. "दादा, नुसतं वरून नवीन रेक्झिन मारून द्या, सुट्ट्या लागायच्या आत बोट पाण्यात हवी," असे त्यांचे म्हणणे होते.

जुन्यावर नवीन चिकटवण्यास मी नकार दिला. निघालेला एक तुकडा उलटा करून पाहिला, तर मागचे अस्तर सुती होते, म्हणजे माल मोटारीचा होता. मोटारीच्या काचा अतिनील किरणांचा बराचसा भाग अडवतात. उघड्या बोटीत ते थेट पडतात. रेक्झिनला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते, कापड कडक होते आणि भेगा पडतात. भेगांतून शिरलेले पाणी सुती अस्तर धरून ठेवते आणि ते कुजते. बोटीसाठी वेगळे मरीन व्हिनाइल मिळते, त्याचे अस्तर पॉलिएस्टरचे असते आणि त्यात ऊन व बुरशी सोसण्यासाठी द्रव्ये घातलेली असतात. ते महाग पडते, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

जुने रेक्झिन काढायला घेतले आणि खरा प्रकार उघडकीस आला. डॅशबोर्डचा वरचा भाग फायबरचा होता, परंतु मीटर बसवलेली पट्टी साध्या प्लायवूडची होती. चावीच्या स्विचच्या छिद्राशी मी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते लाकडात लोण्यात जावे तसे आत शिरले आणि बाहेर काळा, ओला भुसा आला. छिद्रांच्या कापलेल्या कडांना कोणी रंगाचा साधा हातही दिलेला नव्हता, म्हणून पाणी प्लायच्या थरांत मुरत गेले होते. त्या जागी कितीही उत्तम कापड लावले असते तरी स्क्रूला धरायला लाकूडच उरलेले नव्हते. मी मालकांना फोन करून बोलावून घेतले आणि तो भुसा त्यांच्या हातावर ठेवला. त्यानंतर त्यांनी घाईचा विषय काढला नाही.

आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याच्या मरीन प्लायमध्ये जुन्या पट्टीवरून नवी पट्टी कापली आणि प्रत्येक छिद्राच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे, म्हणजे पाणी रोखणाऱ्या रेझिनचे, दोन हात दिले. हे काम दिसत नाही, पण माझ्या मते डॅशबोर्डचे आयुष्य त्यावरच ठरते. फायबरचा वरचा भाग पॉलिश पेपरने घासून भेगांत पुट्टी भरली. फायबरची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते, म्हणून मास्क लावल्याशिवाय मी कोणालाही त्याला हात लावू देत नाही.

कापड चढवायला आमचे जुने कारागीर मामा बसले. सोल्युशन, म्हणजे कापड चिकटवायचा गोंद, उष्णता सोसणारे घेतले होते, कारण साधे सोल्युशन कडक उन्हात मऊ होऊन कापड सोडते. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते. मीटरांवरच्या छज्जाची खोलगट बाजू सर्वांत अवघड होती, कारण तिथे कापड ताणले की मधोमध उचलले जाते. मामांनी मधून सुरुवात केली, हीट गन सतत हलती ठेवली आणि अंगठ्याने दाबत ते बाहेरच्या कडांकडे सरकले, त्यामुळे एकही सुरकुती आली नाही. रंग मी मुद्दाम बिनचकाकीचा गडद करडा निवडला होता. चकचकीत कापडाचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि चालवणाऱ्याला पाणी नीट दिसत नाही.

बसवण्यासाठी आम्ही पानशेतला गेलो. मालकांनी वायर सोडवण्यापूर्वी फोटो काढून ठेवले होते, त्यामुळे जोडणी लवकर झाली. हिरवी पडलेली टोके मात्र कापून नवीन लावावी लागली. प्रत्येक मीटरच्या कडेखाली सीलंट भरून मगच स्क्रू आवळले. मालकांनी लगेच सीटांचेही कापड बदलायचे काम देऊ केले. मी ते घेतले आहे, मात्र कापडाचा भाव सीटांखालच्या फळ्या उघडून पाहिल्यावरच सांगेन, असे त्यांना कळवले आहे.