बेंचवरच्या खेळाडूचा लोड

गोव्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात फिटनेस ट्रेनर म्हणून रुजू झालो आणि खेळाडूंच्या लोडची, म्हणजे सराव-सामन्यांतून शरीरावर पडणाऱ्या ताणाची, नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं. जीपीएसच्या बंड्या होत्याच. दोन खांद्यांच्या मधल्या खिशात यंत्र बसवायचं आणि सराव संपला की आकडे उतरवून घ्यायचे: एकूण अंतर, ताशी 19.8 किलोमीटरच्या वर पळालेलं अंतर, 25.2च्या वरचे स्प्रिंट. पण तेवढ्यानं भागत नाही. तेवढंच अंतर पळून एक जण ताजातवाना असतो, तर रात्री झोप न झालेला दुसरा पार गळून गेलेला असतो.

म्हणून जोडीला आरपीई सुरू केली, म्हणजे मेहनत किती जाणवली ते खेळाडूनंच आकड्यात सांगायचं. अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीला खर्च काहीच नाही. सरावानंतर साधारण अर्ध्या तासानं खेळाडूला विचारायचं, आजचं सत्र 0 ते 10 मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. 75 मिनिटांचा सराव आणि उत्तर 6 आलं, तर लोड 450. लगेच विचारलं तर शेवटच्या दमवणाऱ्या धावाच उत्तरात उतरतात, म्हणून थोडं थांबायचं.

अडचण आली ती खरं उत्तर मिळवण्यात. ड्रेसिंग रूममध्ये सीनियरनं 5 म्हटलं की सगळ्यांचे पाच. कोल्हापूरचा एक पोरगा कायम चार सांगायचा. एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "सर, खरं सांगायचं तर सात हुतं. संघातनं काढतील म्हणून चार सांगिटलं." मग मी मुख्य प्रशिक्षकांकडे गेलो. या आकड्यावरून संघनिवड होणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं, अशी विनंती केली. त्यांनी तसं सांगितलं. उत्तरंही प्रत्येकाकडून मोबाइलवर, वेगवेगळी घ्यायला लागलो, तेव्हा कुठे आकड्यांत जीव आला.

चार-पाच आठवड्यांची नोंद शेजारी-शेजारी मांडली, तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती बेंचवरच्या मुलांची. आठवड्यातला सगळ्यात मोठा लोड म्हणजे सामना, आणि नेमका तोच त्यांच्या वाट्याला येत नव्हता. दुसऱ्या दिवशी रिकव्हरी, म्हणजे थकवा घालवायचा हलका सराव, मात्र सगळ्यांना सारखीच. मग कुणाला तरी निलंबन होतं आणि बेंचवरच्याला एकदम 90 मिनिटं खेळावं लागतं. त्या वेगानं तो कित्येक आठवडे पळालेलाच नसतो, आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धोक्यात येतो. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या एलिट क्लबांच्या अभ्यासात एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 मधल्या 12 टक्क्यांवरून 2021-22 पर्यंत 24 टक्क्यांवर गेला.

चालू आठवड्याचा लोड आणि चार आठवड्यांची सरासरी यांचं गुणोत्तर 0.8 ते 1.3 मध्ये राहिलं की दुखापत टळते, यावर माझा विश्वास नाही. संशोधकांनीही त्यावर सडकून टीका केली आहे. कुणाचा लोड अचानक उडी घेतोय, एवढंच मी त्यात बघतो.

उपाय साधा होता. शेवटची शिट्टी वाजली की न खेळलेल्यांनी आणि थोडाच वेळ खेळलेल्यांनी तिथेच मैदानावर टॉप-अप करायचा: लांब पल्ल्याच्या वेगवान धावा, मध्ये विश्रांती. सुरुवातीला मुलांना ती शिक्षा वाटायची. मैदानाचे लोक दिवे बंद करायच्या घाईत, बस तयार, दमट हवेत कपडे अंगाला चिकटलेले. मी प्रत्येकाला त्याचाच तक्ता दाखवला. कोल्हापूरच्या पोरानं त्यातल्या सामन्याच्या दिवसावर बोट ठेवून विचारलं, "माझा रविवार एवढा बारका?" त्यानंतर त्याला बोलवावं लागलं नाही.

आता बाहेरगावच्या सामन्याला बसची वेळ ठरवताना टीम मॅनेजर आधी मला विचारतात, टॉप-अपला किती वेळ धरू?