पाठ्यपुस्तक मधूनच उघडा

नव्या सत्राआधी बडोद्यातल्या शाळांकडे आणि क्लासेसकडे इंग्रजीच्या पुस्तकांच्या नमुना प्रती येतात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पहिला धडा चाळून निवड उरकली जाते. पण पहिल्या धड्यावरच सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते. म्हणून मधला धडा काढा, बारांतला सातवा म्हणा, आणि पेन्सिल घेऊन बसा.

आधी उतारा. सलग 100 शब्द मोजा आणि वर्गातल्या मध्यम मुलाला न येणारे अधोरेखित करा. वर्गात शिकवायचा असेल तर पाचपर्यंत चालतील, मुलाने एकट्याने वाचायचा असेल तर दोनच. मग पाच नवे शब्द निवडून पुढच्या धड्यांत शोधा. एकदाच भेटलेला शब्द टिकत नाही, शेवटी कितीही मोठी शब्दसूची जोडलेली असो.

खरी गोम स्वाध्यायात आहे. हे वाक्य बघा: ‘द ब्लिम फ्रॅप्ड द ग्रोन्स निअर द झुड.’ ब्लिम, फ्रॅप, ग्रोन, झुड, कशालाच अर्थ नाही. तरी ‘व्हेअर डिड द ब्लिम फ्रॅप द ग्रोन्स?’ याचं बिनचूक उत्तर कुणीही देईल: ‘निअर द झुड.’ उताऱ्याखालचे किती प्रश्न असे नुसते उचलून सोडवता येतात, ते मोजा. निम्म्याहून जास्त निघाले तर पुस्तक बाजूला ठेवा, चित्रं कितीही सुरेख असली तरी. अशा पुस्तकावर मुलं वर्षभर पूर्ण गुण मिळवतात आणि अनोळखी उतारा समोर आला की अडतात.

आपल्या मुलांच्या घरात मराठी, बाहेर गुजराती. दोन्हींत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदं नाहीत, आणि प्रश्न विचारताना कर्ता-क्रियापदाची अदलाबदलही नाही. म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हटता हटत नाही. या दोन गोष्टी एका पानात गुंडाळल्या आहेत की धड्याधड्यातून परत येतात, हे जरूर पाहा.

धड्यात ऐकण्यासाठी क्यूआर कोड छापलेला असेल तर तोही लगेच मोबाइलवर उघडून ऐका.

शेवटी पिरियडचा हिशेब. बारा धडे, प्रत्येकी बारा पिरियड, म्हणजे 144. परीक्षा, नवरात्र, दिवाळी वजा जाता हाती 120 उरत असतील तर दोन धडे गाळावे लागणार. कोणते गाळले तर पुढचं अडणार नाही, हे शिक्षक-पुस्तिकेत शोधा. तिथे नुसती उत्तरं छापलेली असतील तर तो निर्णय खरेदीआधीच शिक्षकांनी बसून घ्यावा.