तीन थर वेगवेगळे आणा

बाई आल्या त्या पिनांसकट. खांद्यावर भलं मोठं गाठोडं, आणि चालताना त्यातून बारीक खुळखुळ आवाज. मी मनात म्हटलं, गेला आपला शनिवार.

ओहायोत आमच्या घराच्या तळघरात माझं लाँगआर्म आहे. बारा फुटांची चौकट, तिच्यावर रोलर आणि रुळावरून पुढेमागे, आडवंतिडवं सरकणारं शिलाई मशीन. घरच्या मशीनवर कापड सुईखालून सरकवायचं असतं, इथे कापड ताणून बसवलेलं आणि मशीनच त्याच्यावरून फिरतं. लोक तुकडे जोडून क्विल्टचा, म्हणजे इकडच्या गोधडीचा, वरचा थर तयार करतात आणि माझ्याकडे आणतात. मधली बॅटिंग म्हणजे मऊ भराव, खालचं बॅकिंग म्हणजे अस्तर आणि वरचा टॉप असे तिन्ही थर एकत्र शिवून देणं हे माझं काम. दर चौरस इंचाला अडीच सेंट.

हे थर चौकटीवर एकेक करून चढतात. बॅकिंग दोन्ही टोकांनी रोलरच्या कापडी पट्ट्यांना टाचायचं, ताणायचं, त्यावर बॅटिंग सोडायची, मग टॉप. प्रत्येकाचा ताण वेगळा. त्यामुळे घरून तिन्ही थर पिनांनी जोडून आणले की सगळं सोडवण्यापासून सुरुवात. फोनवर मी हे प्रत्येकाला सांगते. या बाईंनाही सांगितलं होतं.

"मला वाटलं, तुझं काम जरा हलकं करावं," त्या म्हणाल्या. सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. आता यांना काय बोलणार?

गाठोडं टेबलावर उलगडलं. तीस चौकोन, बारा-बारा इंचांचे, तीस शर्टांचे. नवरा दीड वर्षापूर्वी गेला होता. ऑक्सफर्ड, फ्लॅनेल, दोन मद्रास चौकडी. भोवती निळी सहा इंची बॉर्डर. एकूण ७२ बाय ८४. एका चौकोनाला खिसा तसाच ठेवलेला, फ्लॅपच्या बटणासकट.

आम्ही समोरासमोर बसलो आणि सेफ्टी पिना काढायला लागलो. स्टीलचं पातेलं मध्ये ठेवलं होतं, त्यात टणटण पडत होत्या. मोजल्या नाहीत, पण पातेलं पाऊण भरलं. दोन तास गेले. कुठला शर्ट कुणाच्या लग्नातला, कुठल्या शर्टावर रंगाचा डाग होता म्हणून तेवढा भाग टाळून कापला, सगळं ऐकून झालं. मी एकीकडे बॅकिंग बघत होते. पलंगावरची जुनी चादर, पॉलिस्टर मिसळलेली, विणीला घट्ट. आणि माप टॉपएवढंच, ना इंच जास्त ना कमी.

"कमी पडेल," मी म्हटलं.

"कशी कमी? बरोब्बर बसते!"

बरोब्बर बसते हेच तर दुखणं. बॅकिंगच्या बाजूंना चिमटे लावून ते ताणायचं असतं. कापड टॉपच्या बाहेर निदान चार-चार इंच नसेल तर मशीनचं डोकं त्या चिमट्यांवर आपटतं. वरखाली रोलरला टाचायला कापड लागतं, आणि दोऱ्याचा ताण बघायला मी पहिले टाके त्या जादा पट्टीवरच मारते. म्हणजे ७२ बाय ८४ च्या टॉपला ८० बाय ९२ चं बॅकिंग हवं. शिवाय तसली चादर सुईला आवडत नाही. तिच्यात टोचलेली भोकं बुजत नाहीत. शेवटी माझ्याकडच्या १०८ इंच पन्ह्याच्या सुती कापडातून अडीच यार्ड कापून दिलं. एवढा पन्हा असला की मध्ये जोड येत नाही. लहान पन्ह्याची दोन कापडं जोडायची असतील तर आधी काठ कापून टाकावे लागतात, कारण काठ ताणला जात नाही आणि जोडाशी कापड आवळतं.

हे मला इथे कुणी शिकवावं लागलं नाही. साताऱ्याकडे आमची आजी गोधडीला लुगडं घ्यायची तेव्हा काठ आधी टरकावून बाजूला काढायची. "काठ हट्टी असतो," म्हणायची. मग जमिनीवर लुगडं पसरून एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर पाण्याचा तांब्या, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आम्ही नातवंडं. हललं की धपाटा. आता बाजूचे चिमटे लावताना मला कधीकधी वाटतं, मी पूर्वी हीच नोकरी फुकट करत होते.

पिना निघाल्यावर टॉप सपाट पसरला आणि खरी गोम कळली. मधले चौकोन कसे शांत, आणि दोन्ही बाजूंच्या बॉर्डरी लाटा मारत होत्या. टेप लावली. मधून लांबी ८४ इंच, दोन्ही कडांनी साडेशहाऐंशी. बाईंनी लांबलचक पट्टी घेऊन एका टोकापासून शिवत नेली होती आणि उरलेली कापली होती. असं केलं की पट्टी मशीनखाली थोडीथोडी जास्त जातेच. त्यात काही शर्ट उरेब, म्हणजे तिरके, कापले गेले होते, ते कडेला आपणहून ताणले गेले.

"तुझं मशीन ते दाबून टाकेल ना?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. मशीन काही दाबत नाही. दोन-अडीच इंच जादा कापड कुठेतरी जाणारच, आणि ते बॉर्डरवर चुण्या होऊन बसतं. तेही त्या निळ्या रंगावर, जिथे चुणी खोलीच्या दारातून दिसते. मी सरळ सांगितलं, उसवावं लागेल. बाईंचा चेहरा पडला. पण नशीब, बाजूच्या पट्ट्या शेवटी लावल्या होत्या, त्यामुळे वरखालच्या पट्ट्यांना हात लावावा लागला नाही. एक बाजू त्यांनी उसवली, दुसरी मी. मग मधून घेतलेल्या मापाने, म्हणजे ८४ ला, पट्टी कापली. आधी दोन्ही टोकं आणि मध्य टाचला, मग पाव-पाव भाग, आणि मधलं कापड तेवढ्यात जिरवून टीप मारली. संध्याकाळचे पाच वाजले. मी वरून पोहे आणले, ते त्यांनी काट्याने एकेक शेंगदाणा वेचत खाल्ले.

जाताना म्हणाल्या, "खिसा उघडा राहू दे." बटण मात्र काढून दिलं. बटणावर मशीनचा पाय आपटतो, हे त्यांना लगेच पटलं.

रविवारी क्विल्ट चढवला. साधी वेलांटीची नक्षी, मशीनच्या मागे उभं राहून कागदावरच्या रेघेवरून लेझरचा ठिपका फिरवत न्यायची. खिशाभोवती चिकटपट्टी लावून ठेवली होती, तिथे नक्षी तोडायची, पुढच्या बाजूला येऊन हाताने वळसा घालायचा, परत मागे. चौथ्या ओळीला उजव्या बॉर्डरवर आले आणि खाड्कन आवाज झाला. सुईचा तुकडा उडाला. निळ्या कापडात मोहरीएवढा ओरखडा, आणि जोडाच्या घडीत अडकलेली टाचणी. सेफ्टी पिन नव्हे. पिवळ्या मुंडीची लांब टाचणी. बाईंकडे तसली एकही नव्हती. ती माझी होती.

लोकांना फोनवर पिनांचं प्रवचन देणारी मी. बॉर्डर लावताना त्यातली एक माझ्याच हातून राहिली होती.

नवी सुई घातली तर टाके सुटायला लागले. म्हणजे हुकाचं टायमिंग गेलं होतं. सुई तळाशी जाऊन जराशी वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास होतो, हुकाचं टोक नेमकं त्या क्षणी, सुईच्या खाचेतून, तो फास उचलतं. केसभर चुकलं की टाका नाही. हुकाचे स्क्रू सैल केले, चाक हाताने फिरवत, बॅटरी तोंडात धरून ते टोक जागेवर आणलं. पाऊण तास. मग ओरखड्यापाशी हातसुईने निळ्याच दोऱ्याचे चार बारीक टाके घातले आणि पुढची नक्षी त्यांच्यावरून नेली.

मंगळवारी बाई न्यायला आल्या. मी आधी टाचणी दाखवली, मग सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बॉर्डरवरून बोट फिरवलं, दोनदा. जागा सापडली नाही, मला दाखवावी लागली.

"म्हणजे पातेल्यातल्या सगळ्या माझ्या, आणि ही एक तुझी," एवढंच म्हणाल्या. बिल एकशे एक्कावन्न डॉलर आणि बॅकिंगचे पैसे वेगळे. ओरखड्याबद्दल मी वीस कमी केले होते, ते त्यांनी खोडून भरले.

मग पर्समधून शर्टाचं बटण काढलं आणि माझ्याच टेबलावर बसून फ्लॅपला लावायला घेतलं. दोरा आणला होता. सुई माझ्याकडे मागितली.