एओविन वादळाच्या दुसऱ्या दिवशी

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळाने आयर्लंडला झोडपलं. गॉलवेतल्या मेस हेडला वाऱ्याचा वेग ताशी १८३ किलोमीटर नोंदला गेला, साडेसात लाखांहून जास्त ठिकाणची वीज गेली. मी तिथल्याच मेयो परगण्यात होम केअरर आहे, म्हणजे घरी जाऊन वृद्धांची काळजी घेते. दुसऱ्या दिवशी पडलेली झाडं चुकवत नव्वदीच्या एका आजींकडे पोचले. शेतावरचं जुनं घर, त्या एकट्या.

घर गरम करणारा बॉयलर तेलाचा, पण विजेशिवाय चालत नाही. विहिरीचा पंप बंद, फोन बंद. त्या गारठल्या असतील या धास्तीने आत गेले, तर आजी चुलाण्यापुढे शेक घेत बसलेल्या. शेजाऱ्याने रात्रीच टर्फ रचून पेटवून दिला होता. दलदलीतून कापून वाळवलेला हा पीट धुमसत जळतो, पण ऊब भरपूर देतो.

“बरी आलीस. हात धू आणि पीठ घे.”

त्यांच्या आईच्या घरी लोणी घुसळताना कुणी दारात आलं, तर त्यानं दांड्याला हात लावल्याशिवाय जायचं नसे. नाहीतर लोणी निघत नाही म्हणत. तोच नियम त्यांनी मला लावला. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, सोडा आणि बंद पडलेल्या फ्रिजमधलं ताक. “मळू नकोस गं, नुसतं गोळा कर!” वर सुरीने क्रॉस कापून घेतला. गोळा बॅस्टिबलमध्ये, म्हणजे तीन आखूड पायांच्या लोखंडी भांड्यात ठेवला. खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरची आच कमी पडली की त्या चिमट्याने नेमक्या जागेकडे बोट दाखवत. पाऊण तासाने ब्रेड उलटा करून बुडावर टकटक केली. पोकळ आवाज आला, तेव्हाच आजींनी होकारार्थी मान हलवली.

खाताना अंड्यांचा विषय निघाला. कोंबड्या बायकांच्या, त्यांचे पैसेही बायकांचेच. चहा-साखर त्यातूनच यायची. हे सांगताना त्यांचा आवाज ठणठणीत होता.

निघण्याआधी, रात्री विस्तव राखेखाली कसा झाकायचा तेही त्यांनी मला करून दाखवायला लावलं. तेव्हा त्या आयर्लंडच्या संत ब्रिजिडची प्रार्थना पुटपुटत होत्या.

त्यांच्या कागदपत्रांत ‘स्वयंपाकासाठी पूर्णपणे परावलंबी’ असा शेरा आहे. तो बदलावा म्हणून मी सोमवारीच वरिष्ठांना लेखी कळवलं.