नॉरफोकच्या गावपाट्या: फेरीवाला, त्याचा कुत्रा आणि बिशप झालेला बीव्हर

इंग्लंडातल्या बऱ्याच गावांत दोन पाट्या असतात. एक रस्त्याकडेची, नुसत्या नावाची. दुसरी गावाच्या हिरवळीवर, उंच खांबावर, कोरीव आणि रंगीत. या दुसऱ्या पाट्यांसाठी आम्ही शनिवारी पूर्व इंग्लंडातलं नॉरफोक गाठलं. इंग्लंडच्या राजा सातव्या एडवर्डने सँडरिंगहॅमच्या आपल्या जहागिरीतल्या गावांत अशा पाट्या लावल्या आणि पद्धत पसरली, म्हणून हाच भाग.

आधी स्वॉफम. इथल्या पाटीवर पाठीवर गाठोडं घेतलेला फेरीवाला आहे, सोबत कुत्रा. त्याला स्वप्न पडलं, लंडन ब्रिजवर जा, नशीब उघडेल. तिथे बरेच दिवस तो ताटकळला. शेवटी एक दुकानदार हसला: "स्वप्नांचं काय! मलाही दिसतं, स्वॉफमच्या कुणा फेरीवाल्याच्या झाडाखाली धन पुरलंय. मी जातो का तिकडे?" फेरीवाला तडक घरी परतला आणि कुदळ घेतली. दंतकथाच, पण हा फेरीवाला म्हणून ज्याचं नाव सांगतात त्या जॉन चॅपमनने चर्चच्या बांधकामाला पैसे दिल्याची नोंद पंधराव्या शतकातल्या दप्तरात खरोखर आहे. चर्चमध्ये जाच, छताला लाकडी देवदूत आहेत. पाटी कोरणारे हॅरी कार्टर इथल्याच शाळेत कला शिकवायचे. तुतनखामेनची कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर त्यांचे नातलग. हॅरींनी नॉरफोकभर अशा दोनशेच्या आसपास पाट्या केल्या.

माझी लाडकी मात्र बॅबिंगलीची. दंतकथा अशी, की ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फेलिक्सचं गलबत इथल्या नदीत अडकलं, बीव्हरांनी (नदीत बांध घालणारे प्राणी) वाचवलं, म्हणून त्याने त्यांच्या म्होरक्याला बिशप केलं. पाटीवर तो बीव्हर बिशपची टोपी घालून बसलाय! चेहऱ्यावर गंभीर भाव, जणू पंचायतीचा सरपंच.

हीचमच्या पाटीवर अमेरिकेतल्या मूळनिवासी टोळीप्रमुखाची मुलगी पोकाहॉन्टस आहे, कारण तिचा नवरा जॉन रॉल्फ तिथला. वुल्फर्टनला थेट नॉर्स पुराणातला लांडगा. 'वुल्फ' म्हणजे लांडगा असलं, तरी गावाचं नाव मुळात कुणा माणसावरून पडलेलं, पण चित्राला लांडगाच शोभतो.

जाणाऱ्यांनी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून किंग्ज लिनची गाडी पकडावी, साधारण दोन तास. स्वॉफमला रेल्वे नाही, पण किंग्ज लिन ते नॉर्विच बस तिथूनच जाते. शनिवारी बाजारही भरतो. रविवार टाळा, बस कमी असतात. बॅबिंगलीची पाटी भरधाव ए१४९ रस्त्याजवळ आहे, त्यामुळे पायी जाऊ नका, गाडी सुरक्षित जागी लावा. आणि प्रत्येक पाटीच्या मागे फेरी मारा. काहींवर मागे वेगळंच चित्र असतं. आम्हाला हे तिसऱ्या गावात कळलं, मग पहिल्या दोन गावांत परत जाण्यात संध्याकाळची बस हुकली.