मोगऱ्याचा बहर आणि दोन ओळी

आज कुंडीतल्या मोगऱ्यावर टपोऱ्या कळ्यांचे झुबके दिसले आणि ओळी जुळून आल्या :

जिन्यात वाजण्याआधी पाऊल तुझे,
मोगरा सांगतो, कोण येते आहे!

कविता बरी की वाईट ते तुम्ही ठरवा, मोगऱ्याचं मात्र खात्रीने सांगते. थंडी ओसरली की प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांश छाटायची. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, त्यामुळे इथे हात आखडला की बहर गेलाच. १२ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. ऊन किमान ५-६ तास हवंच. युरियाचा मोह टाळा, नत्र वाढलं की नुसता पाला माजतो (आणि पाल्यावर कोण कविता करणार?). कळ्या धरल्यावर माती कोरडीठाक पडली तर कळ्या गळतात, पाणी तुंबलं तर पानं पिवळी पडतात. कळीला भोक दिसलं तर आत अळी असते, ती कळी खुडून नष्ट करायची.

गजऱ्यासाठी पांढरी, फुगलेली पण मिटलेली कळी उन्हं उतरताना तोडा आणि ओल्या फडक्यात ठेवा. रात्री केसांतच उमलते.